नकाशा पक्का होण्याआधी

(सटाणा येथे बचत गट आणि महिला मंडळांच्या एकत्रित बैठकीत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मागच्या महिन्याच्या बैठकीत आपण या भिंतीवर एक मोठा कागद लावला होता. आपल्या केंद्राच्या इमारतीचा नकाशा. आर्किटेक्ट ताई नाशिकहून तो घेऊन आल्या होत्या. अर्धा तास त्यांनी समजावून सांगितलं आणि शेवटी विचारलं, "काही शंका?" कुणालाच शंका नव्हती. सगळ्या म्हणाल्या, छान आहे. मीही म्हणाले. चहा झाला आणि आपण पांगलो.

स्टँडवर नामपूरच्या गाडीची वाट बघताना एक मावशी माझ्याशेजारी उभ्या होत्या. हळूच म्हणाल्या, "बाई, त्या कागदावर जागोजागी पंखे कशाला काढले होते? एवढे पंखे परवडतील का आपल्याला?" मला आधी काही कळेना. मग उलगडा झाला. नकाशात दार कुठल्या बाजूला उघडतं ते दिसावं म्हणून पाव वर्तुळाची रेघ काढतात. मावशींना ती पंख्याची पाती वाटली होती. मी हसले नाही. मला स्वतःला ती रेघ एम.एस.डब्ल्यू. होऊन तीन वर्षं काम केल्यावर कळली होती, तीही एका गवंड्याने सांगितली म्हणून. मी मावशींना म्हटलं, "मग बैठकीत का नाही विचारलंत?" त्या म्हणाल्या, "आमले कोन इचारस?"

ताईंनी तर विचारलं होतं. सगळ्यांसमोर विचारलं होतं. तरी मावशींना आपल्याला कुणी विचारलं असं वाटलं नाही, आणि त्यांचं बरोबर होतं. दुसऱ्या दिवशी मी आणखी चारपाच जणींना फोन केले. एकीलाही तो कागद वाचता आला नव्हता. 'छान आहे' याचा अर्थ 'आमचा तुमच्यावर विश्वास आहे' असा होता, किंवा 'चारचौघीत अडाणी दिसायचं नाही' असा होता. आज मला याच गोष्टीबद्दल बोलायचं आहे.

आधी एक सांगते. इमारतीचा नकाशा एकटा आर्किटेक्ट काढतो असा आपला समज असतो. तसं नसतं. कुणीतरी गरज सांगतं: किती माणसं, काय काम, किती पैसे. आर्किटेक्ट कच्ची रेखाटनं करतो. मग स्ट्रक्चरल इंजिनीयर येतो, तो कॉलम कुठे, बीम केवढी, सळई किती ते ठरवतो. पाण्याचा आणि सांडपाण्याचा माणूस, विजेचा माणूस, अंदाजपत्रक करणारा, ऑफिसात बसून रेघा ओढणारी तरुण मुलंमुली, यांचं एकमेकांशी सारखं चाललेलं असतं. हा म्हणतो खिडकी मोठी हवी, तो म्हणतो तिथे कॉलम येतोय. असं चार-पाचदा मागेपुढे होतं, तेव्हा कुठे मंजुरीचा नकाशा तयार होतो. या सगळ्या काळात रेघ बदलायला एक खोडरबर पुरतो. पाया भरला, कॉलम उभे राहिले की तीच रेघ बदलायला घण लागतो आणि हजारो रुपये लागतात. आपण बायका बहुधा इमारतीत पोचतो त्या झाडू मारायला, नाहीतर उद्घाटनाच्या दिवशी रांगोळी काढायला. खोडरबराच्या दिवसांत आपण तिथे नसतो.

त्याचं फळ आपण पाहिलेलं आहे. इथून जवळच्या एका बाजाराच्या गावी बायकांसाठी संडास बांधले. गावाचं नाव घेत नाही, कुणाची बदनामी करायची नाही. बांधकाम चांगलं आहे, फरशी चांगली आहे. पण दार उघडतं ते थेट ट्रॅक्टर उभे राहतात त्या बाजूला. आत पिशवी टांगायला खुंटी नाही. ज्या बाई कांदा घेऊन पहाटे निघाल्या, त्या दुपारपर्यंत पाणी पीत नाहीत, कारण शंभर गड्यांच्या नजरेसमोरून तिकडे जायचं धाडस होत नाही. दोन वर्षांनी त्याला कुलूप लागलं, आता आत रिकामे बारदान ठेवतात. आणि वर ऐकायला काय मिळतं? "बायकांना बांधून दिलं तरी वापरत नाहीत."

आता याच्या शेजारी पुण्याची गोष्ट ठेवून बघा. १९९९ साली रत्नाकर गायकवाड पुण्याचे महापालिका आयुक्त होते. वस्त्यांमधले सार्वजनिक संडास बांधायचं आणि पुढे सांभाळायचं काम संस्थांना द्यायचं, असं त्यांनी ठरवलं. 'स्पार्क' ही संस्था, झोपडपट्टीवासीयांचा राष्ट्रीय महासंघ आणि त्यांच्याबरोबरची 'महिला मिलन', यांच्याकडे ११४ संकुलांचं काम आलं. महिला मिलनमध्ये वस्तीतल्याच बाया. त्यांच्यातल्या काही जणींनी स्वतः ठेकेदारी घेतली. आराखड्यावर इंजिनीयर आणि आर्किटेक्ट बसले, पण काय चुकतं हे बायांना माहीत होतं, कारण रोज सकाळी रांगेत त्याच उभ्या असायच्या. बायकांचं आणि पुरुषांचं दार वेगळं आणि रांगही वेगळी, म्हणजे पुरुष मध्ये घुसणार नाहीत. पाण्याची मोठी टाकी. दारं आत-बाहेर दोन्हीकडे उघडणारी, म्हणजे हातात टमरेल असलं तरी ढकलता येतात. राखणदाराच्या कुटुंबाला राहायला तिथेच खोली, म्हणजे स्वच्छता आणि वर्दळ दोन्ही राहतात.

आणि सगळ्यात मला आवडलेली गोष्ट म्हणजे मुलांचे संडास. मोठ्यांच्या रांगेत मुलांना सगळे मागे ढकलतात, अंधाऱ्या खोलीत मोठ्या भोकाची त्यांना भीती वाटते, म्हणून ती बाहेरच बसतात. तर मुलांसाठी वेगळी उघडी जागा केली, भोक लहान केलं, धरायला दांडी लावली. ही दांडी कुठल्या पाठ्यपुस्तकात होती? ज्या आईने मुलाचा हात धरून त्याला रोज बसवलं, तिच्या मनगटात होती ती.

पण मूळ प्रश्न राहतोच. तुमच्या मनगटात काय आहे ते कागदावर कसं आणायचं? नकाशा वाचायला शिकवण्याचे वर्ग घ्यायचे का? घ्यावेत, वाईट नाही. पण मुंबईत भायखळ्याच्या फुटपाथवर राहणाऱ्या बायांनी याहून सोपी वाट काढली. १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने ओल्गा टेलिस खटल्यात निकाल दिला. जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो, हे न्यायालयाने मान्य केलं, पण फुटपाथवर राहायचा हक्क काही मान्य केला नाही. झोपड्या उठणार म्हणून सगळ्या धास्तावल्या होत्या. त्याच काळात महिला मिलनचं काम उभं राहिलं. उठवलं तर कुठे जायचं, आणि मिळालं तर कसलं घर हवं, यावर बायांनी बोलायला सुरुवात केली. त्यांच्यातल्या बहुतेकींनी पक्क्या घरात एक रात्रही काढलेली नव्हती. त्यांना 'अमुक चौरस फूट' म्हणून काय कळणार? त्यांनी साड्या घेतल्या. साडीची लांबी प्रत्येकीला पाठ असते. साडीने जमीन मोजली, साड्या आणि कापड बांधून भिंती उभ्या केल्या, आणि त्या कापडाच्या घरात शिरून बघितलं. खऱ्या मापाचं घर. इथे चूल, इथे पाण्याचा पिंप, इथे पाय लांब केले तर दाराला लागतात.

त्यातून एक गोष्ट निघाली, ती ऐकण्यासारखी आहे. जमीन तर वाढणार नाही, मग वर का जाऊ नये? खोलीची उंची चौदा फूट ठेवायची आणि अर्ध्या भागावर पोटमाळा टाकायचा. खाली संसार, वर झोपायला आणि पोरांना अभ्यासाला जागा. नंतर अशा घरांचे खऱ्या मापाचे नमुने उभे करून लोकांना आणि सरकारी अधिकाऱ्यांना बोलावून दाखवण्याची पद्धतच पडली. कागदापुढे गप्प बसणारी बाई त्या नमुन्यात शिरली की अधिकाऱ्यालाच सांगते, "साहेब, इथे वाकून बघा."

पुढे २००९ च्या सुमारास पुण्याला येरवड्यात हेच कापडाचं घर पुन्हा उभं राहिलं. केंद्राच्या योजनेतून तिथे जुन्या वस्त्यांत जागच्या जागी घरं बांधायची होती. वस्ती उठवून दूर न्यायची नाही, ज्यांची घरं पक्की आहेत त्यांना हात लावायचा नाही, गल्ल्या आहेत त्या ठेवायच्या. आर्किटेक्ट प्रसन्न देसाई यांचं ऑफिस, महिला मिलनच्या बाया आणि वस्तीतली घरं असं तिघांनी मिळून हे केलं. दर घराला २७० चौरस फूट ठरलेले होते. पण कुणाची जागा लांबट, कुणाची तिरकी, कुणाची इतकी लहान की एकट्याचं घर होणारच नाही. अशांनी शेजाऱ्याशी मिळून एकत्र बांधायचं. आता शेजाऱ्याशी मिळून जिना ठेवायचा म्हणजे काय असतं ते तुम्हाला मी सांगायला नको! त्या बैठका किती चालल्या असतील याची कल्पना करा. पण ते भांडण नकाशावर झालं, हे बरं. घर बांधून झाल्यावर झालं असतं तर कोर्टात गेलं असतं.

लातूर-उस्मानाबादचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ चा. तुमच्यातल्या मोठ्यांना ती पहाट आठवत असेल. जाड दगडमातीच्या भिंती आणि वर मातीचं धाबं, झोपेतच माणसं गाडली गेली. पन्नासच्या आसपास गावं नव्या जागी वसवली. रुंद रस्ते, सरळ रेषेत घरं, कागदावर सुंदर. पण बायांना विचाराल तर त्या सांगतील, वाड्यातलं अंगण गेलं, शेजार तुटला, जनावरं बांधायला जागा नाही, रात्री हाक मारली तर ऐकू जायला कुणी नाही. याच भागात जी गावं हलवली नाहीत, जिथे जुनी घरं दुरुस्त करून मजबूत करायची होती, तिथे मात्र सरकारने स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेमार्फत गावोगावच्या बायांना 'संवाद सहायक' नेमलं. बाराशेच्या वर गावांत हे झालं. दरवाज्यावर पट्टी कुठे घालायची, भिंतीतून आरपार दगड का बसवायचा, सिमेंट किती, हे त्या शिकल्या, इतरांना शिकवलं आणि गवंड्यावर नजर ठेवली. एकाच आपत्तीत दोन्ही प्रकार झाले, म्हणून सांगितलं.

गडचिरोलीचं उदाहरण जरा वेगळं आहे. डॉ. राणी आणि अभय बंग तिथे १९८६ पासून आहेत. राणीताईंचं नाव आपल्या चळवळीत माहीत आहे. दोन गावांतल्या बायकांची तपासणी करून त्यांनी दाखवलं की शंभरातल्या ९२ जणींना कुठला ना कुठला स्त्रीरोग होता, आणि उपचाराला गेलेल्या नगण्य. तो अभ्यास १९८९ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. तर दवाखाना बांधायच्या आधी त्यांनी आदिवासींना विचारलं, तुम्ही दवाखान्यात का येत नाही? उत्तरं अशी आली: तिथे सगळे पांढऱ्या कपड्यात असतात आणि पांढरं तर आम्ही मेलेल्याला घालतो. इमारत एवढी मोठी की हरवायला होतं. आजारी माणसाला आत घेतात आणि घरच्यांना बाहेर काढतात. आणि तिथे आमचा देव नाही. मग शोधग्रामचा दवाखाना आदिवासी वस्तीसारखा झाला. रोग्यासोबत घरचे राहू शकतील अशा झोपड्या, आणि नाव माँ दंतेश्वरी दवाखाना.

यात मला शिकण्यासारखं वाटलं ते प्रश्नाचं वळण. 'तुम्हाला काय हवं?' असं विचारलं की आपण बायका 'काही नको, तुम्ही कराल ते बरंच' म्हणतो. लहानपणापासूनची सवय आहे ती. 'भीती कशाची वाटते?' असं विचारलं की बोलतो.

आता आपल्या केंद्राकडे येते. नाशिक इथून नव्वद किलोमीटर. मारहाण होऊन रात्री घराबाहेर पडलेल्या बाईला एवढ्या लांबचं निवारागृह काय कामाचं? म्हणून आपण हे केंद्र बांधतोय. सल्ल्याची खोली, रात्रीच्या मुक्कामाची खोली आणि वर एक हॉल. मागच्या दोन रविवारी आम्ही अकरा जणी, आर्किटेक्ट ताई, त्यांच्या ऑफिसातल्या दोन मुली, इंजिनीयर आणि आपले गवंडी मामा, असे प्लॉटवर जमलो. चुना, सुतळी आणि टेप नेला होता. तळमजल्याचा नकाशा जसाच्या तसा जमिनीवर काढला, खऱ्या मापाने.

पहिल्या पाच मिनिटांतच मुक्कामाची खोली नापास झाली. कागदावर ऐसपैस दिसणारी ती खोली, त्यात तिघी जणी पोरांना घेऊन आडव्या झाल्या आणि चौथीला पाय टाकायला जागा राहिली नाही. सगळ्या खूप हसलो.

नंतर मात्र कुणी हसलं नाही. सहा वर्षांपूर्वी आपल्याकडे मदतीसाठी आलेली एक जण होती. आता ती आपल्याचबरोबर काम करते. ती फाटकाच्या रेघेतून आत आली, बसायच्या जागेपर्यंत चालत गेली आणि थांबली. नकाशात तिथे समोरासमोर दोन बाकं होती. ती म्हणाली, "इथे मी बसणार, आणि समोर तो बसणार?" कुणी काही बोलेना. आर्किटेक्ट ताईंनी पुढे होऊन चपलेने ती चुन्याची रेघ पुसली. आता बसायच्या दोन जागा आहेत, मध्ये सल्ल्याची खोली, आणि बाईच्या बाजूने वेगळं दार.

मोठ्या रस्त्याकडचं मुख्य दारही गेलं. या गावात दुपारी कोण कुठल्या दारातून आत गेलं हे दिवेलागणीला सगळ्यांना कळतं. म्हणून पुढच्या बाजूला बचत गटाचं ऑफिस आणि शिवणवर्ग घ्यायचा, दार गल्लीकडून ठेवायचं. म्हणजे आत शिरणारी बाई हप्ता भरायला गेली की आणखी कशाला, हे कुणाला सांगता येणार नाही. ही कल्पना ताईंची नाही, माझीही नाही. ठेंगोड्याच्या बाजूने येणाऱ्या, दोन मुलींच्या आईची आहे. एक मैत्रीण बिगारी काम करते. तिने पायरीची उंची बदलायला लावली. डोक्यावर घमेलं घेऊन जिने चढणाऱ्या बाईला दोन बोटांचा फरक गुडघ्यात कळतो, आणि मार खाऊन आलेल्या किंवा दिवस गेलेल्या बाईलाही कळणार.

सगळंच आपल्या मनासारखं झालं नाही. न्हाणीघर मागच्या कोपऱ्यात न्यावं असं आपलं म्हणणं होतं. इंजिनीयर नाही म्हणाले, कारण मग सेप्टिक टँक बोअरच्या जवळ येतो. आपल्या प्लॉटची माती काळी आहे, पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून पाया खाली मुरमापर्यंत न्यावाच लागणार, तिथे काटकसर नाही. हे त्यांचं ज्ञान आहे आणि त्यासाठी ते शिकले आहेत. मिळून करायचं म्हणजे त्यांनी गप्प बसायचं असं नव्हे.

एक गोष्ट झाकून ठेवणार नाही. स्वयंपाकघराची रेघ काढताना पाण्याचा माठ वेगळा ठेवायची एक सूचना आली. 'ज्यांना चालत नाही त्यांच्यासाठी.' का चालत नाही, ते आपल्याला सगळ्यांना कळतं. ही सूचना मी चर्चेला घेतली नाही, मताला टाकली नाही. माठ एकच राहील. त्यावरून माझ्याशी ज्या बोलत नाहीत त्यांनी जरूर भांडावं, पण ते भांडण माझ्याशी. नकाशात त्याला जागा नाही.

दुसरी गोष्ट फीची. नकाशा तीनदा नव्याने काढावा लागला, त्या ऑफिसातल्या मुलींचे दोन रविवार गेले. आणि आपल्यातल्याच काहींनी सुचवलं, 'समाजकार्य आहे, फी कमी करायला सांगा.' बाईच्या कामाला दाम नाही म्हणून आपण मोर्चे काढतो ना? पूर्ण फी द्यायची.

दोन मुद्दे लोंबकळत आहेत. दारावर कॅमेरा लावायचा का? अर्ध्या जणी म्हणतात सुरक्षित वाटेल, अर्ध्या म्हणतात आमचं चित्र कुणाच्या हातात जाईल. आणि कंपाउंडची भिंत. बहुतेकींना ती उंच हवी होती. ताईंचं म्हणणं, उंच भिंतीआड कोण उभं आहे ते आतल्यांना दिसणार नाही. त्यावर त्यांनी विटांच्या जाळीचा पर्याय मांडला. केरळात लॉरी बेकर यांनी अशा जाळ्या खूप वापरल्या. हवा येते, उजेड येतो, आतून बाहेरचं दिसतं, बाहेरून आतलं सहज दिसत नाही. पण रात्री आत दिवा लावला की उलटं होतं, हे गवंडी मामांनी सांगितलं. हे खरं की खोटं, ते आपण रात्रीच जाऊन बघायला हवं.

नकाशा पुढच्या महिन्यात मंजुरीसाठी नगरपरिषदेत द्यायचा आहे. त्याआधी एकच रविवार हातात आहे. वरचा हॉल आणि जिना चुन्याने जमिनीवर दाखवता येत नाही, म्हणून भायखळ्याच्या बायांसारखं करायचं. बांबू गवंडी मामा देणार आहेत. प्रत्येकीने दोन जुन्या साड्या आणायच्या, फाटक्या चालतील. ताहाराबाद आणि डांगसौंदाण्याच्या मैत्रिणींनी सकाळच्या गाडीने निघावं, अकराला सुरू करू. जाळीचं बघायला अंधार पडेपर्यंत थांबावं लागेल, तेव्हा घरी तसं सांगून या. परतीच्या गाडीची सोय आम्ही करतो. लहान मुलं असतील तर बरोबर आणा, जिन्याच्या कठड्याच्या गजांमधून डोकं जातं की नाही ते त्यांच्याशिवाय कोण दाखवणार? आणि त्या पंख्यांबद्दल विचारणाऱ्या मावशींनी तर यायचंच आहे. कुठलं दार कुठल्या बाजूला उघडायचं ते त्यांना विचारून ठरवायचं, असं आर्किटेक्ट ताईंनी मला मुद्दाम सांगायला सांगितलं आहे.